अर्ध्या इंचाचं खापर

खेळाडू हात वर करून उभा राहिला, की टाचणीमावशी त्याच्या पाठीवर चिमटा घ्यायची. कातडीला नव्हे, जर्सीला. दोन बोटांत कापड आलं तर जर्सी सैल. बोटं नुसतीच घसरली तर पास. एक चिमटा पाठीवर, एकेक दोन्ही काखांखाली आणि एक पोटावर. रग्बीत समोरचा गडी धरायला येतो तो आधी कापड धरतो, आणि कापड हातात आलं की माणूस हातात आला. म्हणून कापड हातात येताच कामा नये. ही परीक्षा काढली होती राष्ट्रीय संघाच्या कोचनं, पण तिच्यात पोरांना पास करून द्यायची ती मावशीची मशीन.

तोंडात कायम दोन-तीन टाचण्या आणि बोलणंही त्याच जातीचं, म्हणून टाचणीमावशी. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. ठेवणाऱ्याला चांगलंच टोचलं असणार. वय अठ्ठावन्न, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि सहा-सहा फुटी आडदांड पोरांना "हलू नकोस रे गधड्या, भोसकीन" असं म्हणण्याचा अधिकार देशात फक्त तिला होता.

आधी ती शाळेचे गणवेश शिवायची. भाड्याचं छोटं दुकान होतं, दोन मशीन, एक गिऱ्हाइकाचं बाक. पंधरा वर्षांपूर्वी एका क्लबचा कोच फाटक्या जर्सींचं गाठोडं घेऊन दुकानात आला.

"सगळ्या एकाच जागी फाटतात," तो म्हणाला.

"एकाच जागी चुकल्यात म्हणून. काखेची शिवण सरळ खाली आणलीय. हात वर गेला की सगळा ताण तिथेच. ती पुढे वळवायला हवी होती. कुणी शिवल्या या?"

"कारखान्यात शिवल्यात."

"मग त्या कारखान्यात कुणालाच हात नसतील."

तो हसला नाही. तो कधीच हसत नसे. पुढे वर्तमानपत्रांनी त्याचं नाव 'मख्ख' ठेवलं ते काही उगाच नाही. दुसऱ्या दिवशी तो एक अख्खा खेळाडू घेऊन आला आणि म्हणाला, "याच्यावर दाखवा." मावशीनं दाखवलं. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

तो राष्ट्रीय संघाचा कोच झाला तेव्हा त्यानं महासंघाकडे ही टेलरबाई मागितली. महासंघ म्हणाला, जर्सी कंपनीकडून तयार येतात. तो म्हणाला, येऊ द्या, बाई उसवून परत शिवतील. मग स्टेडियमच्या गॅलरीखाली तिला एक कोठी दिली, बिनखिडकीची. कोचनं ती बघितली आणि संध्याकाळच्या आत आपलं टेबल उचलून त्या कोठीत नेलं, आणि खिडकीची स्वतःची खोली मावशीला देऊन टाकली. "मला फळा लागतो, उजेड तुम्हांला लागतो," एवढंच बोलला. संघाच्या फोटोतही ती होती, दुसऱ्या रांगेत, डॉक्टरच्या शेजारी, गळ्यात टेप घालून. टेप काढायची राहून गेली होती. नवऱ्यानं तो फोटो दिवाणखान्यात लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टेपसकट दाखवला.

नियम मात्र एकच होता आणि तो कोचनं पहिल्याच दिवशी सांगितला होता. चिमटा पास झाला, की त्या जर्सीला सुई लावायची नाही. लावलीच, तर आधी त्याला सांगायचं.

चषकाच्या अंतिम सामन्याचा चिमटा शुक्रवारी झाला. शनिवारी दुपारी तीनला सामना. सकाळी दहाला भिंगरी मावशीच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. भिंगरी म्हणजे संघातला सर्वांत वेगवान गडी, अगदी कडेनं पळणारा. वय तेवीस, आणि एरवी दार ढकलायचं ते खांद्यानं.

"मावशी, जरा सैल कर ना गं."

"कालच तर चिमटा झाला. एका रात्रीत जाडा झालास?"

"जाडा नाही. बरगडी." त्यानं जर्सी वर केली. डाव्या बाजूला वांग्याच्या रंगाचा डाग आणि त्यावर घट्ट पट्टी. "उपांत्य सामन्यात लागलं. डॉक्टरांना सांगितलं, थोडंच दुखतंय. त्यांनी पट्टी बांधली. पण पट्टीवर ही जर्सी चढवली की श्वास अर्ध्यातच अडतो."

"सरांना सांग."

"सांगितलं की बसवतीलच बाहेर. मावशी, फायनल आहे गं."

मावशीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंड राखेसारखं झालं होतं. पोरगा श्वास घेत होता तो घोटाघोटानं, गरम चहा प्यावा तसा. तिच्या डोळ्यांसमोर नियम होता, नव्हता असं नाही. पण हात आधीच उसवणीकडे गेला होता. शिवणीच्या आत दाबलेलं जास्तीचं कापड तिनं मोकळं केलं, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच. वीस मिनिटांचं काम. भिंगरीनं जर्सी घातली, छाती भरून श्वास घेतला, "आहाहा" म्हणाला, मावशीच्या डोक्यावर टपली मारली आणि पळाला.

सांगायचं तिच्या मनात होतं. बाराला ती कोचच्या कोठीपर्यंत गेलीसुद्धा. आत फळ्यासमोर सात-आठ जण कोंडाळं करून उभे होते. ती परत फिरली. मनात म्हणाली, नंतर बघू. आयुष्यभर दुसऱ्यांच्या 'नंतर बघू'वर तोंडसुख घेतलेली बाई, आणि त्या दिवशी नेमकं तिनंच ते म्हटलं.

सामना ती नेहमीच्या जागेवरून बघत होती, खेळाडू मैदानात जातात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभी राहून, कॉलरला दोऱ्याची सुई टोचून. ऐंशीपैकी एकोणऐंशी मिनिटं झाली. आपले सतरा, त्यांचे एकवीस. चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला की पाच गुण, म्हणजे चषक. आणि चेंडू कडेला भिंगरीच्या हातात आला.

भिंगरी सुटला. एकाला आतून चुकवलं, दुसऱ्याला बाहेरून. तिसरा मागे पडलाच होता. त्यानं नुसतं अंग झोकून दिलं आणि हात पुढे टाकला. त्याची बोटं घसरायला हवी होती. ती घसरली नाहीत. डाव्या काखेखाली जर्सीचा एक कोपरा तंबूसारखा ताणला गेला, आणि भिंगरी रेषेच्या दोन पावलं अलीकडे आडवा झाला. चेंडू सुटला. शिट्टी.

साठ हजार माणसांनी एकदम डोक्याला हात लावला. मावशीनं तोंडाला लावला, कारण तोंडात टाचण्या होत्या आणि ती गिळणार होती.

नंतर आठवडाभर टीव्हीवर ते दृश्य सतत दाखवलं गेलं. कापड कुणालाच दिसलं नाही. दिसायचं कसं? जर्सीकडे कोण बघतं? सगळ्यांना दिसला तो कोच. हे का केलं नाही, ते का केलं, मख्खासारखा उभा काय राहिला. न्हावी बोलला, औषधवाला बोलला, ज्यांनी उभ्या जन्मात चेंडूला हात लावला नव्हता तेही बोलले. आणि मावशीच्या घरात तर नवरा होताच. बसडेपोचा निवृत्त टाइमकीपर. चाळीस वर्षं दुसऱ्यांना उशीर का झाला हे लिहून घेतलेला माणूस. त्यानं जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून अख्खा सामना परत खेळवला. मीठदाणी म्हणजे कोच.

"साठाव्या मिनिटाला कप्तानाला बदलायला हवं होतं! दमला होता तो! मला इथून दिसत होतं, याला तिथून दिसत नव्हतं?" आणि मीठदाणी उचलून टेबलावर आपटायची. सोमवारपर्यंत सगळ्या टेबलक्लॉथवर मीठ.

मावशी मूग गिळून जेवत होती. नवऱ्याला वाटलं, हरल्याचं दुःख.

स्टेडियमच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगानं लिहिलं होतं, 'मख्ख, घरी जा'. मंगळवारी मावशीनं बादली आणि काथ्या घेऊन ते घासायला घेतलं. 'मख्ख' निघालं तोवर खांदा भरून आला आणि बादलीतलं पाणीही संपलं. उरलं 'घरी जा'. पहारेकरी बाहेर येऊन बघत राहिला.

"मावशी, आता हे मला लिहिल्यासारखं वाटतंय हो."

"वाटू दे. तू तरी वेळेवर जातोस कुठे?" असं म्हणून ती आत गेली, आणि मशीनसमोर बसून पहिल्यांदा रडली. पाच मिनिटं. मग नाक पुसलं, कारण गोळाफेकवाल्या पोरांचे पायजमे शिवून द्यायचे होते.

बुधवारी जेवताना मीठदाणी पुन्हा वर गेली, तेव्हा तिनं सांगून टाकलं.

"अहो, त्याला मी पाडलं."

"कुणाला?"

"भिंगरीला. जर्सी मी सैल केली. अर्धा इंच. सकाळी. कुणाला न सांगता."

नवऱ्यानं मीठदाणी खाली ठेवली, आपटली नाही. "आणखी कुणाला बोललीस हे?"

"तुम्हांला."

"मग बास. तिथेच थांब."

"शुक्रवारी महासंघाची बैठक आहे. कोचला काढायचं का, यावर."

"काढू दे की. साठाव्या मिनिटाला त्यानं—"

"साठावं मिनिट गेलं खड्ड्यात!"

तो दचकला. मग सौम्य आवाजात, समजूत काढल्यासारखं म्हणाला, "अगं, अर्ध्या इंचानं कुणी हरतं का? पोराचा जीव गुदमरत होता, तू मोकळा केलास. तुझा काहीएक दोष नाही."

याच गोष्टीनं तिचं डोकं फिरलं. बत्तीस वर्षं या माणसानं तिच्या इस्त्रीत दोष काढला, चहात काढला, तिच्या बहिणीच्या नवऱ्यातही काढला आणि तोही तिच्याच नावावर घातला. आणि आता, एकदाच, खरोखरचा दोष ती ताटात वाढून त्याच्यासमोर ठेवत होती, तर म्हणे नाहीच. चांगुलपणानंच म्हणाला बिचारा. पण अशा चांगुलपणानं माणूस आणखी एकटा पडतो.

शुक्रवारी अकराला ती बैठकीत शिरली. न धुतलेली जर्सी हातात. लांब टेबलाभोवती सात जण, टोकाला अध्यक्ष, बाजूच्या खुर्चीवर कोच, नेहमीसारखा मख्ख.

"बाई, तुमचं नाव विषयपत्रिकेवर नाहीये," चिटणीस म्हणाले.

"जर्सीचं तरी आहे का? नाही ना? म्हणूनच आणली."

तिनं जर्सी टेबलावर पसरली, उसवलेली शिवण दाखवली, दोन बोटांत कापड धरून दाखवलं, आणि शनिवारी दहापासून जे जे झालं ते सगळं सांगितलं. 'नंतर बघू'सुद्धा सांगितलं. मग एक सदस्य हसला. वाईट हसला नाही, लाडानं हसला, ते जास्त लागलं.

"बाई, तुमची निष्ठा समजते आम्हांला," अध्यक्ष म्हणाले. "पण देश असा अर्ध्या इंचानं हरत नसतो. जा, आराम करा. तुमचं काम उत्तमच असतं."

म्हणजे इथेही तेच. देशाला कुणावर तरी खापर फोडायचं होतं, आणि तिचं डोकं त्यासाठी फारच लहान होतं. ती जर्सी गोळा करायला लागली. तेवढ्यात अध्यक्षांनी उगाच, विचारायचं म्हणून, कोचला विचारलं, "तुम्हांला काय माहीत असणार हे?"

"माहीत होतं," कोच म्हणाला.

मावशीचा हात थांबला.

"बोगद्यातून बाहेर पडताना प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारतो मी. बोटांना सवय आहे. भिंगरीचं कापड बोटांत आलं. मी त्याचं तोंड बघितलं. शुक्रवारी तो नीट श्वास घेत नव्हता, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. शनिवारी घेत होता, तेव्हा आलं. बदली खेळाडू तयार होता. दोन मिनिटं होती. मी बदललं नाही."

"म्हणजे दोष तुमचा, असं लिहून घ्यायचं?"

"लिहा. हा एक, आणि आणखी चार आहेत." आणि त्यानं बोटांवर मोजून सांगितले, किराणा सांगावा तसे. कप्तान दमलेला दिसत होता, त्याला साठाव्या मिनिटाला काढायला हवं होतं. पूर्वार्धात हक्काच्या किकचे तीन गुण सोडून उगाच पाचांच्या मागे लागायला सांगितलं. तिसरा आणि चौथाही सांगितला. चिटणीसांची लेखणी अडखळली. समितीनं स्वतःच्या कागदावर तीनच काढले होते.

मावशीच्या मनात आलं, साठावं मिनिट! आता घरी जाऊन हे सांगायचं कसं? तो माणूस टेबलावर नाचेल.

कोचला काढायचं ठरलं, पाच विरुद्ध दोन. त्यानं मान डोलावली, कागदावर सही केली आणि उठला. चारच्या सुमाराला तो मावशीच्या खोलीच्या दारात आला. ती उभी राहिली नाही. मांडीवर तीच जर्सी पसरलेली होती म्हणून, उद्धटपणानं नाही.

"सर, चूक झाली माझी," ती म्हणाली.

"झाली."

तो गिऱ्हाइकासारखा बाकावर बसला. "राग आलाय मला, बाई. काढलं म्हणून नाही. ते हरल्यावर काढतातच. पगार त्याचाही असतो. राग आलाय तो तुम्ही सांगितलं नाही त्याचा. दहा ते तीन, पाच तास होते. सांगितलं असतंत तर मी त्याची पट्टी बदलून घेतली असती. किंवा त्याला बसवलं असतं. किंवा तसाच खेळवला असता, कदाचित तेच केलं असतं. पण पाच तास विचार करून. तुम्ही मला दोन मिनिटं दिलीत."

मावशीनं चष्मा काढला.

"तेवढं तुमचं," तो म्हणाला. "पाच तासांतली दोन मिनिटं कमी करून जे उरतं, तेवढं. सामना माझा होता. त्यात हात घालायचा नाही. मघाशी तिथे सगळाच्या सगळा उचलून न्यायला निघाला होतात."

बाहेर मैदानात गवत कापायचं यंत्र चालू होतं. आठवडाभरात पहिल्यांदा तिला वाटलं, की आपल्या छातीवरचं काहीतरी कुणीतरी टेप लावून मोजलं, आणि ते मोजता येण्याएवढंच निघालं.

"सर, उपकार झाले," ती म्हणाली.

"टोमणा मारताय?"

"अहो नाही हो! तुम्हांला टोमणा कळतो तरी कधी? आज पहिल्यांदा सरळ बोलतेय तर तेही कळेना." तिचा आवाज चढला, आणि त्याबरोबर तीही जरा जागेवर आली. "आठवडाभर जो तो माझ्या अंगावरचा दोष झटकतोय, केर झटकावा तसा. नवरा झटकतो, तुमचे ते अध्यक्ष झटकतात. जणू माझं काम म्हणजे कामच नाही, त्यात बिघडलं तरी काही बिघडत नाही. तुम्ही एकटेच म्हणालात, तुमचं एवढं. मग माझं काम पंधरा वर्षं कामच होतं ना? तुम्ही गणवेशाच्या दुकानात गाठोडं घेऊन आलात त्या दिवसापासून मला कुणी दुय्यम वागवलं नाही, कारण तुम्ही वागवू दिलं नाहीत. हे मी कधी बोलले नाही. आज तुम्ही निघालात म्हणून गळा काढून बोलतेय असं समजू नका. बोलायला हवं होतं आधीच. तेही नंतर बघू, नंतर बघू करत राहिलं."

कोच आपल्या तळहातांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं का? मावशी नंतर नवऱ्याला म्हणाली, हललं. नवऱ्याचा विश्वास बसला नाही. पण साठाव्या मिनिटाच्या खुशीत तो त्या दिवशी काहीही कबूल करायला तयार होता, आणि कोचला काढलं हे ऐकल्यावर मात्र तो बराच वेळ मीठदाणी पुसत बसला. "चुकला असेल," तो अखेर म्हणाला, "पण स्वतःच्या चुका अशा पाठ म्हणून दाखवणारा दुसरा कुठून आणणार हे महासंघवाले?"

ते नंतरचं. खोलीत कोच उठला आणि दाराकडे वळला, मग थांबला.

"बाहेर जिन्यावर कोण बसलंय?"

मावशीनं वाकून बघितलं. भिंगरी होता. दोन्ही गुडघ्यांत डोकं घालून. मावशी बैठकीत गेली हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार, आणि आपण गेलो नाही हे त्याचं त्याला लागलं असणार.

"केव्हापासून बसलाय कुणास ठाऊक. हाकलू का त्याला?"

"नको. आत घ्या," कोच म्हणाला. "तीन जण होतो ना आपण त्यात? त्याचंही त्याला द्यायला हवं. आपण दोघांनीच वाटून घेतलं तर त्याच्या वाट्याला नुसतं रडणं येईल."

मावशीनं हाक मारली, "ये रे गधड्या." भिंगरी आला, डोळे लाल, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा. कोच परत बाकावर बसला आणि शेजारची जागा हातानं झाडून मोकळी केली.

"बस," तो म्हणाला. "बाकीचं मागाहून बोलू. आधी बरगडी कशी आहे ते सांग. आणि या वेळी खरं सांग."